पैवस्तीचा शेरा

दिल्लीत जानेवारीतल्या पहाटेचे साडेपाच ही काही मुद्दाम नोंद घ्यावी अशी वेळ नव्हे. यमुनेवर धुके असते, नोएडाच्या काचेच्या इमारतींतले दिवे रात्रभर जळून निस्तेज झालेले असतात आणि फाटकाशी शेकोटी करून बसलेल्या पहारेकऱ्यांखेरीज फारसे कोणी जागे नसते. परंतु संगणकाच्या जगात १ जानेवारी १९७० ह्या दिवसाची हीच वेळ एखाद्या शकाच्या प्रारंभाइतकी महत्त्वाची आहे. ज्या फाइलची खरी वेळ हरवली, ती फाइल ह्या देशात ह्याच क्षणाची साक्ष देऊ लागते. काल संध्याकाळी लिहिलेला अहवाल, गेल्या आठवड्यात काढलेले छायाचित्र, एखाद्या खटल्यातला कागद, कोणाचीही तारीख एके दिवशी अचानक ‘१ जानेवारी १९७०, पहाटे साडेपाच’ अशी दिसू शकते.

कारण साधे आहे. युनिक्स ह्या संगणक-प्रणालीने आणि तिच्या लिनक्ससारख्या वारसांनी काळ मोजण्यासाठी ना पंचांग पत्करले ना दिनदर्शिका. १९७० सालच्या पहिल्या दिवसाच्या ग्रीनिचच्या मध्यरात्रीपासून किती सेकंद लोटले, एवढा एकच आकडा त्या बाळगतात. ज्या फाइलपाशी हा आकडाच नाही तिच्यापाशी शून्य असते, आणि ग्रीनिचच्या मध्यरात्री भारतात साडेपाच वाजलेले असतात. न्यूयॉर्कमध्ये हेच शून्य १९६९ च्या अखेरच्या संध्याकाळी सात वाजता उगवते. गंमत अशी, की खुद्द लंडनमध्ये ते मध्यरात्री न दिसता रात्री एक वाजता दिसते. कारण १९६८ ते १९७१ ह्या काळात ब्रिटनने आपली घड्याळे वर्षभर एक तास पुढे ठेवण्याचा प्रयोग चालवला होता. शून्यालाही गाव असते आणि त्या गावाचा इतिहास असतो.

अशी तारीख पाहून बहुतेक माणसे हसतात आणि पुढे जातात. ज्याला पुढे जाता येत नाही तो मनुष्य कसा असेल ह्याची कल्पना करावी. वाईकडून शिकून आलेला, नोएडाच्या कचेरीत रात्रपाळी करणारा एखादा तरुण अभियंता. पडद्यावरची चुकीची वेळ कोठून आली हे त्याला शोधायचे आहे. घड्याळ जिवंत ठेवणारी इवलीशी बॅटरी संपली असेल, किंवा यंत्रात घड्याळच नसेल, किंवा फाइलींचे गाठोडे बांधणाऱ्याने वेळेचे घर रिकामे सोडले असेल. ह्या शक्यता एकेक करून निकालात निघाल्या, की तो अखेर कर्नेलपाशी येऊन थांबतो. कर्नेल म्हणजे कोयीच्या आतला गर. लिहिणारा, वाचणारा, हिशेब करणारा कोणताही कार्यक्रम असो, तबकडीवर अक्षर उमटवायचे तर त्याला ह्या गराची परवानगी लागते. म्हणून वेळेची नोंदही तोच करतो. कचेरीच्या भाषेत बोलायचे तर आवक-जावकचा कारकून तोच.

हा कारकून प्रत्येक फाइलमागे तीन वेळा लिहून ठेवतो. मजकूर शेवटचा कधी बदलला ही पहिली. फाइलविषयीची कोणतीही नोंद, म्हणजे मजकूर, मालकी, वाचण्या-लिहिण्याचे हक्क ह्यांपैकी काहीही, शेवटची कधी बदलली ही दुसरी. आणि फाइल शेवटची कधी वाचली गेली ही तिसरी. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्यांना एम-टाइम, सी-टाइम आणि ए-टाइम म्हणतात. सी-टाइम म्हणजे निर्मितीची वेळ असा पुष्कळांचा समज असतो आणि तो सर्वस्वी चुकीचा आहे. फाइलची जन्मवेळ जपण्याची कल्पना ह्या घराण्यात बरीच उशिरा रुजली.

तिसऱ्या वेळेचे दुखणे ग्रंथपालांना लगेच कळेल. पुस्तक घरी नेले की मागच्या चिठ्ठीवर तारखेचा शिक्का उमटतो. पण वाचनालयात कोणी पुस्तक नुसते चाळले तरी शिक्का मारायचा असे ठरवले, तर ग्रंथपालाचा सारा दिवस शिक्के मारण्यातच जाईल. लिनक्समध्ये वर्षानुवर्षे हेच चालले होते. प्रत्येक वाचनाबरोबर एक लेखन घडत होते. २००९ पासून कर्नेलने रूढ केलेली तडजोड अशी, की आधीची वाचनाची नोंद चोवीस तासांहून जुनी असेल किंवा त्यानंतर फाइल बदललेली असेल, तरच नवी नोंद करायची. तेव्हापासून ए-टाइम हा अर्धवट साक्षीदार झाला. त्याच्या शब्दावर विसंबून ‘अमुक वेळी ही फाइल कोणी वाचली नाही’ असे विधान करणे धाडसाचे ठरते.

खरा भेद आहे तो पहिल्या दोन वेळांत. एम-टाइम फाइलच्या मालकाच्या हातात असते. एका साध्या आज्ञेने तो ती हवी ती करू शकतो. आज लिहिलेल्या पत्रावर गेल्या दिवाळीची तारीख घालू शकतो. ह्यात लबाडीच असते असे नाही. जुन्या फाइलींची प्रत करताना त्यांच्या मूळ तारखा राखायच्या, तर ही मुभा हवीच. पण ज्या क्षणी मालक एम-टाइम मागे नेतो, त्या क्षणाची नोंद कर्नेल सी-टाइमच्या घरात स्वतःच्या घड्याळाप्रमाणे करतो, आणि ती बदलून देण्याची विनंती त्याच्याकडे करण्याची सोयच ठेवलेली नाही. ती खोटी पाडायची तर साऱ्या यंत्राचे घड्याळ फिरवावे लागते, किंवा कर्नेलला वगळून थेट तबकडीवर हात घालावा लागतो.

मराठी दफ्तरे हाताळलेल्या माणसाला ही व्यवस्था परकी वाटणार नाही. पेशवाईतल्या पत्राला दोन तारखा असत. पत्र लिहिणारा अखेरीस ‘छ’ हे अक्षर काढून पुढे मुसलमानी चांद्रमासाची तारीख घालत असे; ती त्याची तारीख. पत्र मुक्कामी पोहोचले, की घेणाऱ्याच्या दफ्तरातला कारकून त्यावर पैवस्तीचा, म्हणजे पत्र हाती आल्याचा, शेरा मारीत असे. ती दफ्तराची तारीख. पहिली तारीख लेखकाच्या इमानावर अवलंबून. दुसरीवर लेखकाचा अधिकार चालत नाही. एम-टाइम आणि सी-टाइम ह्यांच्यातले नाते नेमके हेच आहे. बेल प्रयोगशाळेत युनिक्स घडवणाऱ्यांना पुण्याच्या हुजूर दफ्तराची खबर असण्याचा प्रश्नच नव्हता. परंतु ज्याला कागदावर विसंबून कारभार करायचा आहे, त्याला लिहिणाऱ्याची तारीख आणि घेणाऱ्याची तारीख वेगळी ठेवावी लागते, हे दोघांनाही आपापल्या वाटेने उमगले.

ह्या शेऱ्यावर काय अवलंबून असते ते पाहायला दिल्लीहून फार दूर जावे लागत नाही. पानिपत आज राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात मोडते, यमुनाकाठचे बागपतही. १७६० च्या ऑक्टोबरच्या अखेरीस अब्दाली बागपतापाशी यमुना उतरला आणि भाऊसाहेबांची छावणी व दक्षिण ह्यांच्यामधली वाट कापली गेली. त्यानंतरच्या काळात उत्तरेतून दक्षिणेत गेलेल्या, अडकलेल्या, वळसा घेऊन पोहोचलेल्या पत्रांत लिहिण्याचा दिवस आणि मिळण्याचा दिवस ह्यांमधले अंतर हाच खरा इतिहास आहे. पेशव्याला काय कळले होते एवढे पुरत नाही, ते कधी कळले होते हे पाहावे लागते. १४ जानेवारी १७६१, म्हणजे पौष शुद्ध अष्टमीच्या बुधवारी जे घडले, त्याच्या अलीकडचा प्रत्येक निर्णय शहाणपणाचा होता की वेडेपणाचा, हे त्या दोन तारखांच्या फरकावर ठरते.

वि. का. राजवाडे ह्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ ह्या मालेचा पहिला खंड १८९८ साली काढला, तो ह्याच काळाविषयीचा. १७५० ते १७६१ ह्या वर्षांतली ती पत्रे त्यांना वाईस मिळाली होती. ह्या पत्रव्यवहारात एक मोठी अडचण असते. पत्रावर दिवस असतो, महिना असतो, पण वर्ष पुष्कळदा नसते. लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला चालू वर्ष ठाऊकच असे. शंभर-दीडशे वर्षांनंतरच्या तिऱ्हाइताची काळजी त्यांनी का करावी? अशा पत्राचे वर्ष ठरवताना संशोधक दोन्ही टोकांकडून आत सरकतो. पत्रात ज्या माणसाचा जिवंत म्हणून उल्लेख आहे तो अमुक साली वारला, तेव्हा पत्र त्याच्या अलीकडचे. ज्या किल्ल्याचा ताबा घेतल्याचे लिहिले आहे तो तमुक साली आला, तेव्हा पत्र त्यानंतरचे. मग मधल्या वर्षांपैकी कोणत्या वर्षी त्या तिथीला तो वार पडतो हे जंत्रीत पाहायचे. मोडक आणि खरे ह्यांच्या जंत्र्या ह्या कामासाठी किती मोलाच्या आहेत हे इतिहासाच्या अभ्यासकाला सांगायला नको.

कर्नेलमधला दोष शोधण्याची आजची रीतही हीच आहे. अमुक आवृत्तीत फाइलच्या वेळा बरोबर होत्या, तमुक आवृत्तीत त्या बिघडल्या. मधे दहा हजार दुरुस्त्या झाल्या. त्या एकेक करून कोणी वाचीत बसत नाही. बरोबर मधली दुरुस्ती घेऊन तेथवरचे कर्नेल बांधायचे आणि चालवून पाहायचे. दोष दिसला तर मागचा अर्धा भाग तपासायचा, न दिसला तर पुढचा. अर्ध्याचे अर्धे करीत गेले की चौदाएक पावलांत नेमकी ती दुरुस्ती हाती येते. एका रात्रपाळीत ते होते. राजवाडे ह्यांना एकेका पत्रासाठी किती दिवस लागले असतील ह्याचा अंदाज त्या खंडाच्या लांबलचक प्रस्तावनेवरून करावा.

खोटे कागद ओळखण्याची रीतही दोन्हीकडे सारखीच. तिथी आणि वार जुळत नाहीत असे पत्र संशयास पात्र होते. फाइलच्या वेळेत सेकंदानंतर नऊ अंक असतात, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागापर्यंत नोंद असते. कामकाजाच्या ओघात उमटलेल्या वेळेत ते अंक कसेही पडलेले असतात. हाताने घातलेल्या वेळेत मात्र पुष्कळदा सेकंद पूर्ण आणि पुढे नऊ शून्यांची स्वच्छ रांग असते. एवढ्यावरून खोटेपणा सिद्ध होत नाही, कारण गाठोड्यातून सोडलेल्या फाइलींवरही अशी शून्ये येतात. पण जाणत्या डोळ्याला इतका नीटनेटकेपणा खटकतो.

दिवस कोठे बदलतो, हा दुसरा जुनाच घोळ. मुसलमानी तारीख सूर्यास्ताला बदलते, इंग्रजी मध्यरात्री, आणि आपला वार सूर्योदयाला. रात्री दहा वाजता घडलेल्या गोष्टीला ह्या पद्धतींनी दोन निराळे दिवस मिळू शकतात, आणि एका दिवसाच्या चुकीने मोहिमेचा सारा क्रम उलटापालटा होतो. कर्नेलला ह्यांपैकी कशाशीच कर्तव्य नाही. तो सेकंद मोजतो आणि त्यांचे दिवस-महिने करण्याचे काम बाहेरच्यांवर सोपवतो. बाहेरच्यांपैकी कोणी निष्काळजीपणे ग्रीनिचचीच तारीख उचलली, की भारतात रोज मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत ‘आज’च्या जागी ‘काल’ छापले जाते. दिवसा काम करणाऱ्यांना हा दोष कधी भेटत नाही. तक्रार करणारा नेहमी रात्रपाळीचा असतो, आणि सकाळी दहाला आलेल्या वरिष्ठाला त्याची तक्रार पटत नाही, कारण तोपर्यंत सगळे पुन्हा सुरळीत झालेले असते.

कॅमेऱ्याच्या आणि पेनड्राइव्हच्या पत्त्यांवर पुष्कळदा वापरली जाणारी फॅट नावाची जुनी मांडणी ह्याहून घोटाळ्याची आहे. तिचा काळ १९८० पासून सुरू होतो, फाइल बदलल्याची वेळ ती दोन-दोन सेकंदांच्या टप्प्यांनी मोजते, आणि ती जे लिहिते ते भिंतीवरच्या घड्याळाप्रमाणे. कोणत्या गावच्या भिंतीवरच्या, हे मात्र लिहीत नाही. दिल्लीत ‘दुपारी तीन’ म्हणून लिहिलेली वेळ दुसऱ्या देशातल्या यंत्राला तेथले दुपारचे तीन वाटतात. येथे कर्नेलला आपला अलिप्तपणा सोडून यंत्राचा देश कोणता हे विचारावे लागते, आणि ते त्याला कोणी नीट सांगितले नसेल तर उत्तर साडेपाच तासांनी चुकते. जगातले पुष्कळसे देश ग्रीनिचपासून पूर्ण तासांच्या अंतरावर आहेत. त्यामुळे अर्ध्या तासाने घसरलेली वेळ दिसली, की अनुभवी माणूस आधी भारताचे नाव घेतो.

दुपारचे तीन हा आकडा येथे उगाच आलेला नाही. जालना विधानसभा मतदारसंघासाठी २७ सप्टेंबर २०१४ हा उमेदवारी अर्ज भरण्याचा अखेरचा दिवस होता आणि दुपारी तीन ही मुदत होती. त्या निवडणुकीत अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. पराभूत उमेदवार कैलास गोरंट्याल ह्यांनी निवडणूक-याचिका केली. खोतकरांचे अर्ज तीन वाजल्यानंतर दाखल झाले, असे त्यांचे म्हणणे होते. निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कचेरीत आणि बाहेर आयोगाच्या आदेशाने कॅमेरे लावलेले होते, त्यांच्या चित्रीकरणाच्या तबकड्या होत्या, आणि कोण केव्हा आत आले हे त्यांत दिसत होते. मुंबई उच्च न्यायालयाच्या तेव्हाच्या औरंगाबाद खंडपीठाने २४ नोव्हेंबर २०१७ रोजी ती निवडणूक रद्दबातल ठरवली. प्रकरण दिल्लीला, टिळक मार्गावर, सर्वोच्च न्यायालयात गेले.

तेथे प्रश्न उभा राहिला तो तबकडीतल्या वेळेपेक्षा तबकडीच्या प्रमाणपत्राचा. संगणकातून काढलेली प्रत पुरावा म्हणून द्यायची, तर ती कोणत्या यंत्रातून, कोणत्या रीतीने निघाली हे सांगणारे जबाबदार माणसाचे प्रमाणपत्र पुराव्याच्या कायद्याच्या ६५-ब ह्या कलमाने मागितले होते. याचिकाकर्त्यांनी ते पुनःपुन्हा मागूनही अधिकाऱ्यांनी दिले नव्हते. न्यायमूर्ती नरिमन, न्यायमूर्ती भट आणि न्यायमूर्ती रामसुब्रमणियन ह्यांनी १४ जुलै २०२० रोजी दिलेला निर्णय आज वकिलांना तोंडपाठ असतो. मूळ यंत्रच न्यायालयात आणले तर प्रमाणपत्र नको. प्रत आणली तर हवेच. मात्र ते मिळवण्यासाठी पक्षकाराने आपल्याकडून शक्य ते सर्व केले असेल, तर अशक्य ते करण्याची सक्ती कायदा करीत नाही. चित्रीकरण बाजूला ठेवले तरी इतर पुरावा पुरेसा आहे, असे म्हणून उच्च न्यायालयाचा निर्णय कायम झाला. तोपर्यंत ती विधानसभा मुदत संपून गेलेली होती आणि २०१९ ची पुढची निवडणूक स्वतः गोरंट्याल जिंकले होते. काही मिनिटे आधी की काही मिनिटे नंतर, ह्या एका नोंदीचा निकाल लागायला जवळजवळ सहा वर्षे लागली.

१ जुलै २०२४ पासून पुराव्याचा कायदा नवा झाला. त्याच्या ६३ व्या कलमाखालच्या प्रमाणपत्रात आता फाइलचा ‘हॅश’ही नोंदवावा लागतो. हॅश म्हणजे मजकुरावरून गणिताने काढलेली एक खूण. मजकुरातले एक अक्षर बदलले तरी ती पूर्णपणे बदलते. व्यवस्था उत्तम आहे. पण हा हॅश मजकुराचा असतो. कर्नेलने लिहिलेल्या तिन्ही वेळा मजकुरात नसतात, त्या फाइलच्या बाहेर, कर्नेलच्या वहीत असतात. साधी प्रत केली तर मजकूर जशाचा तसा राहतो, हॅश तोच निघतो, आणि वेळा मात्र नव्या पडतात. कित्येकदा फाइल जन्मण्याच्या आधी तिचा मजकूर बदलल्याचे दिसते, ते ह्याचमुळे: मजकुराची तारीख मुळाची राहिली आणि जन्माची तारीख नकलेची आली. नक्कल करणारा कारकून ‘नक्कल’ असे शिरोभागी लिहीत असे. संगणक तेवढे करीत नाही.

शिवाय कर्नेलचा शेरा त्याच्या घड्याळाइतकाच खरा. देशाची प्रमाणवेळ दिल्लीतच, पुसा परिसरातल्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत, सीझियमच्या आण्विक घड्याळांवर राखली जाते. २८ एप्रिल २०२२ च्या एका निर्देशाने संगणक-सुरक्षेसाठी नेमलेल्या सरकारी यंत्रणेने सेवा देणाऱ्या संस्थांना आपली घड्याळे ह्या प्रयोगशाळेशी किंवा राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राशी जुळवून ठेवायला सांगितले. निर्देश कोरडा आहे, परंतु त्याच्यामागची चिंता खरी आहे: दोन यंत्रांच्या नोंदी शेजारी ठेवून ‘आधी हे, मग ते’ असे म्हणायचे, तर दोघांचे घड्याळ एक हवे. त्या प्रयोगशाळेपासून काही कोसांवर, संसद मार्गाच्या कडेला, सवाई जयसिंहाचे जंतरमंतर आहे. तिथले सम्राट यंत्र सूर्याकडे पाहून वेळ सांगते, आणि ती प्रमाणवेळेच्या सरासरी एकवीस मिनिटे मागे असते. ती चुकीची नाही. ती फक्त दिल्लीची आहे.

एकाच यंत्राच्या, एकाच घड्याळाच्या आतही ‘आधी’ आणि ‘नंतर’ ह्यांची उलथापालथ कशी होते, ह्याची अलीकडची हकीकत मुळातून पाहण्यासारखी आहे. कर्नेल फाइलवर वेळ लिहिताना प्रत्येक वेळी अचूक घड्याळ पाहत नाही. ते महाग पडते. तो ठोक्याचे घड्याळ पाहतो. रेल्वे स्थानकावरच्या घड्याळाचा मिनिटकाटा जसा मिनिटभर स्थिर राहून एकदम उडी मारतो, तसे हे घड्याळ. त्याची उडी पुष्कळशा यंत्रांत चार हजारांश सेकंदांची असते. म्हणजे नोंद अब्जांशापर्यंत लिहिलेली दिसते, पण पाहिलेले असते ते चार हजारांशांनी सरकणारे घड्याळ. ह्या डौलदार अंकांना फसू नये. दोन उड्यांच्या मधे एकच फाइल दोनदा बदलली, तर दोन्ही बदलांवर एकच वेळ पडते. दूरच्या यंत्रावरून ती फाइल वापरणारा दुसरा संगणक फक्त वेळ बदलली की नाही हे पाहतो. वेळ तीच दिसली, की त्याला वाटते काही झालेच नाही, आणि तो आपल्याजवळची शिळी प्रत खरी मानून चालतो.

जेफ लेटन ह्या विकासकाने ह्यावर तोड काढली ती सुबक होती. मागची नोंद कोणी पाहून गेले असेल, तरच पुढच्या बदलाच्या वेळी खिशातले अचूक घड्याळ काढायचे. एरवी भिंतीवरचे पुरे. २०२३ साली ही दुरुस्ती लिनक्सच्या ६.६ ह्या आवृत्तीसाठी घेतली गेली, आणि आवृत्ती प्रसिद्ध होण्याआधीच मागे घ्यावी लागली. झाले असे, की पहिल्या फाइलची नोंद कोणी पाहिलेली असल्यामुळे तिच्या बदलावर खिशातल्या घड्याळाची वेळ पडली. क्षणभराने दुसरी फाइल बदलली. तिच्याकडे कोणी पाहिलेले नव्हते, म्हणून तिच्यावर भिंतीवरच्या घड्याळाची, म्हणजे मागच्या उडीची, वेळ पडली. नंतर बदललेली फाइल आधी बदलल्यासारखी दिसू लागली. फाइलींच्या वेळांची तुलना करून काय नव्याने बांधायचे आणि काय नाही हे ठरवणारे कार्यक्रम पन्नास वर्षे चालत आले आहेत. त्यांचा सारा भरवसा ह्या क्रमावर असतो. दोन्ही शेरे आपापल्या जागी खरे होते, आणि दोन्ही मिळून खोटी साक्ष देत होते.

दुरुस्ती टाकून न देता लेटन ह्यांनी ती पुन्हा मांडली. खिशातल्या घड्याळाची वेळ एकदा कोठेही लिहिली गेली, की ती साऱ्या यंत्रासाठी तळरेषा ठरते; भिंतीवरचे घड्याळ तिच्या मागची वेळ दाखवीत असेल, तर तळरेषेचीच वेळ लिहायची. जानेवारी २०२५ मध्ये आलेल्या ६.१३ ह्या आवृत्तीत ही रचना समाविष्ट झाली. नवेपणा तिच्यात फारसा नाही. आधीच्या पानावरच्या शेवटच्या नोंदीहून मागची वेळ पुढच्या पानावर घालू नये, हे कोणत्याही जुन्या शिरस्तेदाराने नव्या कारकुनाला पहिल्याच दिवशी सांगितले असते.

ह्यापेक्षा मोठे, पण कमी नाट्यमय काम त्याआधी झालेले आहे. सेकंद मोजण्याचे जुने घर बत्तीस अंशांचे होते, आणि ते १९ जानेवारी २०३८ रोजी सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी भरते. पुढच्या सेकंदाला मोजणी उलटून ग्रीनिचच्या १३ डिसेंबर १९०१ वर जाते. १९०१ साली भारतीय प्रमाणवेळ जन्मलीच नव्हती. ती १ जानेवारी १९०६ पासून आली, आणि मुंबई शहरात तर तिच्याहून एकोणचाळीस मिनिटे मागचा ‘मुंबई टाइम’ १९५५ पर्यंत तग धरून होता. फाइलींच्या वेळा चौसष्ट अंशांच्या घरात हलवण्याचे चिकट काम ज्यांनी कर्नेलमध्ये पार पाडले, त्यांत दीपा दिनमणी हे नाव ठळक आहे. आडनावाचा अर्थ सूर्य. कालमापनाच्या कामाला ह्याहून समर्पक आडनाव मिळणे कठीण. २०१८ च्या ४.१८ ह्या आवृत्तीत फाइलींच्या वेळा अंतर्यामी रुंद झाल्या. २०१९ च्या ५.४ पासून तबकडीवरची मांडणी ज्या काळापर्यंत लिहू शकते त्याच्या पलीकडची वेळ आली, तर कर्नेल ती गुपचूप उलटू न देता सीमेवर आणून थांबवतो. शेकडो ठिकाणी एकेक ओळ बदलण्याचे हे काम. त्याचे यश म्हणजे २०३८ साली काहीही न घडणे, आणि न घडलेल्या गोष्टीची बातमी होत नाही.

पण सीमा दोन बाजूंना असतात. लिनक्सवर फार रूढ असलेली ‘ईएक्सटी-४’ ही मांडणी नव्या रचनेत पुढे २४४६ पर्यंत जाते. मागे मात्र १९०१ च्या त्या डिसेंबराच्या अलीकडेच थांबते. जनपथावरच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आणि महाराष्ट्रातल्या दफ्तरखान्यांत जुन्या कागदांची छायाचित्रे संगणकात उतरवण्याचे काम चालू आहे. त्या मांडणीच्या तबकडीवर कोणी पानिपताच्या छावणीतून निघालेले एखादे पत्र उतरवले, राजवाड्यांच्या रीतीने त्याचे वर्ष ठरवले, आणि फाइलची एम-टाइम म्हणून १७६१ च्या जानेवारीतला तो दिवस घालायचा म्हटले, तर कर्नेल आज्ञा स्वीकारतो, तारीख १९०१ वर आणून थांबवतो, आणि सी-टाइमच्या घरात आजचा दिवस लिहितो. लेखकाची तारीख त्या वहीत बसत नाही; बसतो तो पैवस्तीचा शेरा. म्हणून दफ्तरखान्यातला माणूस शहाणपणाने पत्राची मिती फाइलच्या नावातच लिहून टाकतो, आणि पुढच्या कागदाकडे वळतो.